लहान विमानानं सीमा ओलांडताना: कस्टम, इमिग्रेशन, कागदपत्रं (अनुभव हवेत)

भिरभिरं | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला असते. दोन वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स हातात आलं. तेव्हापासून क्लबचं सेसना १७२ घेऊन जमेल तेव्हा उडते, पण सगळं देशातल्या देशात. आई-बाबा सध्या साताऱ्याहून आलेत, नोव्हेंबरपर्यंत आहेत. मावशी टोरांटोला राहते. बाबांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. पहिल्यांदा माझ्यासोबत उडाले तेव्हा खाली बघायचं सोडून दोन तास ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघत होते. दोघांना विमानानं मावशीकडे न्यायचं मनात आहे. गाडीनं साडेचार तास, विमानानं दोन. उतरायचं टोरांटोच्या बेटावरच्या बिली बिशप विमानतळावर, राहायचं दोन रात्री.

उडण्याची काळजी नाही. कागदांची आहे. क्लबमध्ये तिघांना विचारलं तर तीन उत्तरं आली. एक म्हणाला, कॅनडाला फोन केला की झालं. दुसरा म्हणाला, फ्लाइट प्लॅनमध्ये कस्टमला कळवा असं लिहायचं, बाकी ते बघतात. तिसरा म्हणाला, भारतीय पासपोर्टवाले आई-वडील घेऊन या भानगडीत पडूच नकोस.

माझ्याकडे ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट. आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-२, म्हणजे पर्यटकांचा व्हिसा. कॅनडाचा व्हिसा अजून काढलेला नाही. ज्यांनी स्वतः असं केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

मिनेसोटाकर | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

ताई, छान बेत आहे. क्लबमधल्या पहिल्या दोघांचं ऐकू नका, तिसऱ्याचं तर मुळीच नको.

मी गेल्या सहा वर्षांत नऊ वेळा कॅनडात जाऊन आलोय, त्यामुळे क्रमानं सांगतो. सगळ्यात आधी अमेरिकेच्या सीबीपीच्या, म्हणजे सीमेवरच्या कस्टम-इमिग्रेशन खात्याच्या, ई-एपिस संकेतस्थळावर खातं उघडा. प्रवाशांची माहिती आगाऊ कळवायची ती तिथे. खासगी विमानांना हे मे २००९ पासून सक्तीचं आहे. विमानात कोण कोण आहे, त्यांची जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, अमेरिकेतला पत्ता, सीमा कुठे ओलांडणार, हे सगळं त्यात भरायचं. लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे हे जातानाही भरायचं आणि येतानाही. निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी. पण आधी किती, याला बंधन नाही. म्हणून मी परतीचा फॉर्म घरूनच भरून जातो. तिकडे इंटरनेट मिळेल न मिळेल.

जायच्या आधी कॅनडाच्या कस्टमला फोन: १-८८८-२२६-७२७७. उतरण्याच्या किमान दोन तास आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी. उतरल्यावर त्याच नंबरवर पुन्हा फोन. तोपर्यंत तुमच्याशिवाय कुणी विमानातून पाय खाली टाकायचा नाही. ते एक रिपोर्ट नंबर देतात. तो लिहून ठेवा, जपून ठेवा. तुम्ही रीतसर आलात याचा पुरावा तोच.

येताना ई-एपिसचा ईमेल आला म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. ज्या विमानतळावर उतरणार तिथल्या सीबीपी कार्यालयाला वेगळा फोन करून वेळ ठरवावी लागते. फ्लाइट प्लॅनमधल्या शेऱ्यावर कधीही विसंबू नका. तो निरोप अधिकाऱ्यापर्यंत पोहोचेलच याची हमी नाही, आणि नाही पोहोचला तर जबाबदारी तुमचीच. पहिल्या चुकीला ५,००० डॉलर दंड होऊ शकतो, पुढच्या प्रत्येक चुकीला १०,०००.

सीमेवरून जाताना फ्लाइट प्लॅन चालू हवा आणि एटीसीनं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांनी दिलेला ट्रान्सपाँडर कोड (त्यावरून रडारवर विमान ओळखू येतं) सीमेच्या आधी लावलेला हवा.

आणि ॲन आर्बर हे प्रवेशाचं विमानतळ नाही. येताना आधी विलो रन किंवा पोर्ट ह्यूरॉनला उतरून तपासणी, मगच घरी.

---

सरळमार्गी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

एवढं सगळं करायचं, वर दंडाची टांगती तलवार. गाडीनं जा की. विंडसरच्या पुलावर पाच प्रश्न विचारतात आणि सोडतात. वयस्कर माणसं सोबत आहेत म्हणून कळकळीनं सांगतोय.

---

कागदोपत्री | १३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मी इमिग्रेशनच्या कामात आहे, पायलट नाही, त्यामुळे माणसांच्या कागदांपुरतंच लिहिते.

भिरभिरं, तुम्हाला स्वतःला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्ड आणि चालू मुदतीचा पासपोर्ट, दोन्ही सोबत हवेत. आई-बाबांना मात्र कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेलच. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून भारतीयांना सूट नाही. अर्ज ऑनलाइन होतो. बोटांचे ठसे इथल्या यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) केंद्रात देता येतात आणि ते दहा वर्षं चालतात. त्यानंतर शिक्क्यासाठी पासपोर्ट पाठवावा लागतो. आजच अर्ज करा आणि पासपोर्ट हातात पडेपर्यंत विमानाची तारीख ठरवू नका.

परतताना त्यांचा बी-२ व्हिसा चालू आणि अनेक प्रवेशांचा असला की पुरे. मात्र टोरांटोला जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतील असं धरून चालू नका. तीस दिवसांच्या आतल्या कॅनडावारीनंतर जुनीच मुदत पुढे चालू राहू शकते. नोव्हेंबरचं परतीचं तिकीट सोबत ठेवा.

सरळमार्गी, व्हिसा तर पुलावरही लागणारच आहे. त्या बाबतीत गाडी आणि विमान सारखंच.

---

सरळमार्गी | १३ ऑगस्ट, सकाळी ९:१२

हो, ते बरोबर. व्हिसाचं लक्षात नव्हतं आलं.

---

शेवंती | १३ ऑगस्ट, सकाळी १०:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). नवरा सध्या शिकतोय, पुढे कामाला येईल. शीर्षकातलं "अनुभव हवेत" वाचून छान वाटलं, खरंच हवेतले अनुभव आहेत.

---

चिमणचारा | १३ ऑगस्ट, दुपारी १:४५

फ्लोरिडातून बहामाचा अनुभव लिहितो. मायामीपासून बिमिनी पन्नासेक नॉटिकल मैल. उडायला अर्धा तास. त्यासाठी पहिल्या वेळी मला तयारीला तीन आठवडे लागले होते.

माणसांच्या कागदांबद्दल वर आलंय, मी विमानाच्या कागदांबद्दल सांगतो. देशात उडताना विमानाला रेडिओचं वेगळं लायसन्स लागत नाही, म्हणून बऱ्याच भाड्याच्या विमानांत ते नसतंच. देशाबाहेर जाताना मात्र एफसीसीचं (अमेरिकेचं दूरसंचार खातं) रेडिओ स्टेशन लायसन्स विमानाला आणि ऑपरेटर परमिट पायलटला, दोन्ही लागतात. पायलटचं एकदा काढलं की आयुष्यभर चालतं, विमानाचं दहा वर्षं. नोंदणीचा कागद पक्का हवा. विमान नुकतंच विकत घेतल्यावर जी तात्पुरती गुलाबी प्रत असते ती बाहेरच्या देशात चालत नाही. विमान भाड्याचं असेल तर मालकाचं परवानगीचं पत्र घ्या, नोटरी केलेलं. विम्याच्या कागदावर त्या देशाचं नाव आहे का बघा. आणि दारापाशी या वर्षीचा सीबीपीचा स्टिकर आहे का बघा. तो दरवर्षी नवा घ्यावा लागतो.

माझ्या विमानावरचे नंबर तीन इंची होते. जुन्या विमानांना ते चालतात. पण एडिझमधून, म्हणजे हवाई संरक्षणाच्या पट्ट्यातून जायचं तर अक्षरं १२ इंची हवीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी हँगरमध्ये पट्टी घेऊन काळी टेप कापत बसलो. बायको टॉर्च धरून उभी, मी गुडघ्यावर. टेपची चालतात, पण नीट चिकटवा, वाऱ्यानं कडा उचलतात.

दक्षिणेकडून परतताना आणखी एक नियम आहे. सीमा जिथे ओलांडाल तिथून जवळच्या ठरवून दिलेल्या विमानतळावरच उतरायचं. मी फोर्ट पिअर्सला उतरतो. तुम्हाला उत्तरेकडून येताना हे बंधन नाही, सीबीपी असलेलं आणि त्यांनी होकार दिलेलं कुठलंही विमानतळ चालेल.

एकदा मुलाच्या सीटमागच्या खिशात अर्धं संत्रं राहिलं होतं. अधिकारीबाईंनी विचारलं, फळं काही? मी ठामपणे नाही म्हणालो आणि मुलानं खिशातून काढून दाखवलं. बाई हसल्या, संत्रं ठेवून घेतलं, पण मला पाच मिनिटं नीट समजावलं. तेव्हापासून उतरण्याआधी सगळे खिसे मी स्वतः तपासतो.

---

नभांगण | १३ ऑगस्ट, दुपारी ३:१०

एवढं कुणी बघत नाही हो. मी चार वेळा गेलो, रेडिओचं लायसन्स एकदाही कुणी मागितलं नाही. अर्धे लोक तसेच जातात.

---

मिनेसोटाकर | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

नभांगण, तुम्हाला विचारलं नाही हे खरं असेल. पण इथे एक मुलगी आई-वडिलांना घेऊन निघाली आहे. पाचव्या वेळी विचारलं तर धावपट्टीच्या कडेला उभं राहावं लागेल ते तिच्या आईला. पायलट म्हणून आपण आपल्यापुरता धोका पत्करू शकतो, मागच्या सीटवरच्यांच्या वतीनं नाही. तुमचा सल्ला मला पटला नाही.

---

चिमणचारा | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०२

अनुमोदन. ऑपरेटर परमिटला परीक्षासुद्धा नसते. अर्ज आणि फी, बस.

---

जुना पारवा | १३ ऑगस्ट, रात्री ८:३०

थोडं अवांतर, पण मुळाशी जाणारं.

हे कागद कुणाच्या लहरीनं आलेले नाहीत. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत करार झाला, त्यातून आलेत. दहावं कलम म्हणतं, दुसऱ्या देशात शिरणाऱ्या विमानानं त्या देशानं ठरवलेल्या कस्टम विमानतळावर उतरायचं. एकोणतिसाव्या कलमात विमानात काय काय हवं त्याची यादी आहे: नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, चालकांची लायसन्स, प्रवासाची नोंदवही, रेडिओचं लायसन्स, प्रवाशांची नावं आणि ते कुठून कुठे चाललेत. चिमणचाऱ्यांनी सांगितलेलं रेडिओचं लायसन्स तिथून आलं. आणि चोविसाव्या कलमात सोय आहे, की टाकीतल्या इंधनावर नि तेलावर पोहोचल्यावर कस्टम लागणार नाही. ते नसतं तर टाकीत किती पेट्रोल आहे तेही जाहीर करावं लागलं असतं.

त्याच्याही आधी आपली माणसं सीमा ओलांडत होतीच. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. १९३० साली जेआरडी टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून इकडे. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पींचा खोळंबा झाला होता स्पार्क प्लगमुळे. जेआरडींनी स्वतःकडचे दिले आणि ॲस्पी थोडक्या फरकानं जिंकले. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. मी जुहूला शिकलो. १९२९ मध्ये जेआरडींना भारतातलं पहिलं लायसन्स मिळालं ते मुंबईतच. आम्हाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगायचे, आणि मग सांगायचे की परक्या विमानतळावर दुसऱ्याला मदत करायची, कारण पुढच्या खेपेला अडकलेले तुम्ही असाल. या धाग्यावर तेच चाललंय, म्हणून बरं वाटलं.

---

बारामतीचा वारा | १३ ऑगस्ट, रात्री ९:०५

जुना पारवा काका, सुंदर प्रतिसाद.

आमच्याकडे सीमा न ओलांडताही नंबर लागतात हे इथल्या मंडळींना सांगतो. एका गावाहून दुसऱ्या गावाला प्रशिक्षणाचं विमान न्यायचं तरी फ्लाइट प्लॅन भरून एफआयसी आणि एडीसी असे दोन क्रमांक घ्यावे लागतात. एफआयसी म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक. एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी, ती हवाई दलाच्या यंत्रणेतून येते. मांडीवरच्या पॅडवर दोन्ही लिहिलेले नसले तर इंजिन चालू करायची परवानगी मागायला तोंड उघडत नाही. त्यामुळे भिरभिरंताईंनी रिपोर्ट नंबर जपावा हे मनापासून पटलं.

---

टेम्सकाठी | १४ ऑगस्ट, पहाटे ४:५०

इंग्लंडमधून. नवरा पायलट, मी शेजारच्या सीटवर नकाशे सांभाळते. आम्ही खाडी ओलांडून फ्रान्सला ल तुकेला जातो, दुपारी जेवून संध्याकाळी परत. इथे जीएआर म्हणजे जनरल एव्हिएशन रिपोर्ट भरतात. एप्रिल २०२४ पासून तो ऑनलाइनच भरावा लागतो, जाताना आणि येताना, निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत. आणि फ्रेंच विमानतळाला येण्याची पूर्वसूचना वेगळी.

नवऱ्याचा पासपोर्ट ब्रिटिश, माझा भारतीय. एकदा सगळं भरून झालं, हवामान स्वच्छ, विमान बाहेर काढलेलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझा युरोपचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा होता आणि तो जूनमध्ये वापरून झाला होता. नवऱ्यानं फॉर्ममध्ये पासपोर्टची मुदत बघितली होती, व्हिसा बघितला नव्हता. विमान परत आत ढकललं. त्या दिवशी मला फार रडू आलं, कारण आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. पण तिकडे उतरून परत पाठवलं असतं तर त्याच्या लायसन्सवर कायमची नोंद राहिली असती, ही भीती जास्त मोठी होती.

तेव्हापासून आम्ही तारीख ठरवायच्या आधी पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवतो. मी त्याचा वाचते, तो माझा. भिरभिरं, आई-बाबांचे पासपोर्ट स्वतः वाचाच, पण आणखी एका माणसाकडून वाचून घे.

---

म्युनिककर | १४ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ताई, वाचून वाईट वाटलं.

युरोपातली गंमत अशी, की कस्टम आणि इमिग्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे राहून खरं कळतं. मी जर्मनीतून ऑस्ट्रियात जातो तेव्हा दोन्ही नाहीत, फक्त फ्लाइट प्लॅन. स्वित्झर्लंडला जाताना पासपोर्टची तपासणी नाही, कारण ते शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात आहेत, पण कस्टम आहे, कारण ते युरोपीय संघात नाहीत. आयर्लंडचं नेमकं उलटं. संघात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. त्यामुळे विमानतळ निवडताना तिथे पोलीस लागतील की कस्टमवाले की दोन्ही, हे आधी बघावं लागतं. छोट्या विमानतळांवर दोघंही रोज नसतात, सांगितलं तर येतात.

---

भिरभिरं | १४ ऑगस्ट, रात्री १०:१०

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्रीच दोघांचे अर्ज भरले. क्लबकडे चौकशी केली. विमानाचं रेडिओ लायसन्स आहे, स्टिकर मात्र मागच्या वर्षीचा. नवा मागवतायत.

एक अडचण. आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे. तिचं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, सगळं एकाच ओळीत. अमेरिकेच्या व्हिसावर ते तिन्ही शब्द आडनावाच्या जागी गेलेत आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू छापलंय. ई-एपिसमध्ये आडनावाशिवाय पुढे जाता येत नाही. काय भरू?

---

कागदोपत्री | १४ ऑगस्ट, रात्री १०:५५

ही आपल्याकडची नेहमीची अडचण. माझ्याकडे दर महिन्याला एखादी तरी आजी अशी येते. ज्या व्हिसावर त्या अमेरिकेत आल्या त्यावर जसं आहे तसंच भरा: तिन्ही शब्द आडनावात, पहिल्या नावात एफएनयू. त्याचा अर्थ पहिलं नाव उपलब्ध नाही एवढाच. स्वतःहून नाव तोडू नका, दुरुस्त करू नका. संगणक जुळवणी करतो ती त्यांच्या आधीच्या नोंदीशी. आणि विमानतळावर वेळ ठरवायला फोन कराल तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. भारतात परत गेल्यावर पासपोर्ट नीट करून घ्यायला सांगा.

---

मिनेसोटाकर | १५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

वेळेबद्दल लिहायचं राहिलं होतं, ते महत्त्वाचं आहे.

फ्लाइट प्लॅन भरतो तो यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत. कस्टमला सांगायची वेळ स्थानिक. तुमच्याकडे मिशिगन आणि टोरांटो एकाच वेळेत आहेत, सुदैव. मी थंडर बेहून डुलुथला येत होतो. थंडर बे पूर्वेच्या वेळेत, डुलुथ मध्य भागाच्या. दहाला निघालो, दीड तासाचा प्रवास, म्हणून फोनवर साडेअकरा सांगितलं. डुलुथच्या घड्याळात साडेदहालाच चाकं टेकली. तपासणीच्या चौकटीत विमान उभं केलं, इंजिन बंद केलं. कुणी नाही. जुलै महिना, दारं उघडी, पण खाली उतरायचं नाही. मागे दोन मुलं आणि रिकामी पाण्याची बाटली. फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घड्याळात किती वाजलेत?" तेव्हा मला कळलं. ते वीस मिनिटांत आले, येताना मुलांसाठी पाणी घेऊन आले. चूक सर्वस्वी माझी होती. ते दंडाची भाषा करू शकले असते, त्यांनी नाही केली.

आता मी प्रत्येक वेळ तीनदा लिहितो: यूटीसी, तिकडची, इकडची. मांडीवरच्या पॅडवर, मोठ्या अक्षरात.

लवकर पोहोचणं हे उशिरा पोहोचण्याइतकंच वाईट. लवकर होतंय असं वाटलं तर हवेतच वेग कमी करा.

---

शेवंती | १५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

लहान मुलं सोबत असतील आणि आई-बापांपैकी एकच असेल तर?

---

चिमणचारा | १५ ऑगस्ट, सकाळी ११:००

दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र, नोटरी केलेलं. तारखा, ठिकाण, फोन नंबर सगळं त्यात. आम्ही एकाच घरात राहतो, भांडण नाही काही, तरी मी एकटा मुलाला नेतो तेव्हा प्रत्येक वेळी नवं पत्र करतो.

---

नभांगण | १६ ऑगस्ट, रात्री ८:२०

मिनेसोटाकर, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात होतं. मी एकटाच उडतो, त्यामुळे त्या बाजूनं विचार केला नव्हता. ऑपरेटर परमिटचा अर्ज आज भरला.

---

मिनेसोटाकर | १६ ऑगस्ट, रात्री ८:४५

मनापासून आनंद झाला. माझा सूर जरा चढला होता, राग मानू नका.

---

शेवंती | २ सप्टेंबर, दुपारी १२:१०

भिरभिरं, व्हिसा आला का?

---

भिरभिरं | २ सप्टेंबर, रात्री ९:००

परवा आला! दोघांचे पासपोर्ट घरी पोहोचले. टेम्सकाठी, मी वाचले, मग शेजारच्या काकांकडून वाचून घेतले. वीस तारखेला निघायचं ठरलंय. मावशी आतापासूनच काय काय बांधून देऊ विचारतेय.

---

कागदोपत्री | २ सप्टेंबर, रात्री ९:३५

मावशींना आत्ताच सांगा, कढीपत्ता नको. त्याचं झाड लिंबाच्या कुळातलं, आणि लिंबू-संत्र्याच्या बागा पोखरणाऱ्या रोगाची कीड त्याच्या पानांवरून येते, म्हणून अमेरिकेत ताजी पानं आणू देत नाहीत. ताजी फळंही नकोत. लाडू, चिवडा, चटणी चालेल, पण विचारलं की सगळं सांगायचं. सांगितलेल्या वस्तूसाठी दंड नाही, लपवलेल्या वस्तूसाठी आहे.

---

भिरभिरं | २३ सप्टेंबर, रात्री १०:२०

जाऊन आलो!

सविस्तर लिहिते, कारण पुढच्या कुणाला उपयोग होईल.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही ई-एपिस भरले, दोन्हींचे ईमेल आले. कॅनडाला फोन केला. बाईंनी विमानाचा नंबर, तिघांची नावं, जन्मतारखा, कशासाठी, किती दिवस, एवढं विचारलं. आईचं नाव मी आधीच सांगितलं की असं असं आहे. त्या म्हणाल्या, पासपोर्टवर आहे तसंच वाचा. विलो रनच्या सीबीपीला फोन करून सोमवारी दुपारी अडीचची वेळ घेतली.

शनिवारी सकाळी हवा स्वच्छ. डेट्रॉइटच्या कंट्रोलरनं कोड दिला, तो लावला, मगच सीमेकडे वळले. लेक सेंट क्लेअरवरून पलीकडे गेलो तेव्हा बाबांना म्हटलं, आता कॅनडा. बाबा म्हणाले, पाटी कुठे आहे?

बेटावर उतरताना डाव्या हाताला सीएन टॉवर आणि उंच इमारती, उजवीकडे नुसतं पाणी. इंजिन बंद केलं, फोन लावला. आई-बाबा आत बसून. बाबांनी स्वतःच्या खिशातली छोटी वही काढली. एसटीत असताना गाडीचा नंबर नि बिघाड लिहायचे तशीच वही. अधिकारी म्हणाले, तिथेच थांबा, कुणीतरी येतंय. सात-आठ मिनिटांत दोघं आले, पासपोर्ट आणि व्हिसा बघितले, बाबांना विचारलं, मुलीच्या विमानातून पहिल्यांदाच का? बाबांनी मराठीत उत्तर दिलं आणि त्यांना ते बहुधा कळलं. रिपोर्ट नंबर मिळाला. मी तो लॉगबुकात लिहीपर्यंत बाबांनी वहीत उतरवून घेतला होता. तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याच्या बिल्ल्याचा क्रमांक यांच्यासकट.

परतीला वारा मागून होता. लेक सेंट क्लेअर दिसायला लागलं तेव्हा लक्षात आलं, बारा मिनिटं लवकर पोहोचतोय. मिनेसोटाकर, तुमचं वाक्य आठवलं. पॉवर कमी केली. बाबांनी लगेच विचारलं, इंजिनाला काय झालं? सांगितलं, काही नाही, वेळेवर जायचंय. दोन वाजून एकतीसला विलो रनच्या तपासणीच्या चौकटीत होतो.

अधिकारी हातात छोटं यंत्र घेऊन विमानाभोवती फिरले, किरणोत्सर्ग तपासायचं असतं म्हणे. माझं लायसन्स, मेडिकल, नोंदणीचा कागद, मग पासपोर्ट. खायचं काही? आईनं डबा उघडून पुढे केला. मावशीचे डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. त्यांनी वास घेतला, विचारलं कशाचे, मी सांगितलं. ठीक आहे म्हणाले. कढीपत्ता मावशीच्या कुंडीतच राहिला. आईचं नाव पडद्यावर लगेच जुळलं. नवे सहा महिने नाही मिळाले, नोव्हेंबरचीच मुदत कायम. कागदोपत्रींनी सांगितलं होतंच. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. मग ॲन आर्बरपर्यंतची शेवटची काही मिनिटं उडालो.

सरळमार्गी, तुमची काळजी कळली होती. आईला गाडीत साडेचार तास बसून पाठ धरते, विमानातून उतरल्यावर ती चालत गाडीपर्यंत गेली.

---

सरळमार्गी | २३ सप्टेंबर, रात्री १०:४०

वाचून फार आनंद झाला. आई-बाबांना नमस्कार सांगा.

---

जुना पारवा | २४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

बाबांची वही जपून ठेव. एकोणतिसाव्या कलमातली प्रवासाची नोंदवही म्हणतात ती हीच.

---

मिनेसोटाकर | २४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

वा! काही आठवड्यांनी नॅव्ह कॅनडाचं (तिकडची हवाई वाहतूक नियंत्रण सांभाळणारी संस्था) बिल टपालानं येईल. क्लबच्या पत्त्यावर जाईल, त्यांना सांगून ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही.

---

भिरभिरं | २४ सप्टेंबर, सकाळी ८:०५

सांगते आजच. बाबा विचारतायत, बिलावर रिपोर्ट नंबर असेल का? वहीतल्याशी ताडून बघायचाय त्यांना.